तिरका दात

इनॉकने कवळीच्या मेणात बसवलेला सुळा पुन्हा उपटला आणि पुन्हा तिरका बसवला. शेजारच्या दातावर किंचित चढलेला, टोक जरासं बाहेर. त्याची बायको हेटी बटाटे सोलत होती. सुरी तशीच हातात घेऊन ती त्याच्या डोक्याशी येऊन उभी राहिली.

"डोळे फुटले का तुझे? वाकडा बसलाय तो."

"वाकडाच हवाय."

"पदरचे पैसे देऊन वाकडे दात लावून घेणारं हे कोण येडं?"

"आहे एक," इनॉक म्हणाला आणि मेण गुळगुळीत करू लागला.

इनॉक हॅस्लम हा क्रॉम्प्टन नावाच्या दंतवैद्यांकडे कवळ्या करायचा. दवाखान्यात उरलेलं काम तो शनिवारी घरी आणायचा, त्यामुळे स्वयंपाकघरातल्या टेबलावर कुणाचे ना कुणाचे दात असायचेच. आमच्या लँकशायरच्या गिरणगावांत अशा माणसाला काम कमी पडत नाही. मुलीच्या लग्नात बाप तिला कवळी देतो. धडधाकट दात असले तरी आधी सगळे काढायचे, म्हणजे पुढे दातदुखीचं लोढणं नवऱ्याच्या गळ्यात नको. यात कुणाला काही वावगं वाटत नाही. हेटीचेही असेच गेले होते. आता पाळी त्यांच्या मुलीची, विनीची होती. लग्नाला अवकाश होता, पण दात सोमवारी सकाळीच क्रॉम्प्टनकडे काढायचे होते.

विनीचा वरचा सुळा तिरका होता. तो इनॉकच्या आईवर गेलाय, असं हेटी सगळ्यांना सांगायची. म्हातारी केव्हाच वारली होती, त्यामुळे भांडायला आली नाही.

"बाबा, फार दुखतं का हो?" चहा पुढे ठेवत विनीने विचारलं.

"मला काय विचारतेस? माझे अजून जागेवर आहेत."

"दुखतं आणि संपतं," हेटी म्हणाली. "गिरणीत तुझ्या खात्यातल्या सगळ्या पोरींनी काढले. तू काय जगावेगळी लागून गेलीस? त्या वाकड्या दाताची ब्याद तरी जाईल एकदाची. आणि लोक काय म्हणतील? बाप कवळ्या करतो आणि पोरगी सासरी गेली हात हलवत!"

विनीने जिभेने तो सुळा चाचपला. तिला दात काढायचे नव्हते. पण नको म्हणायची रीतच नव्हती.

इनॉकने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि काम पुढे चालू केलं. दातांची पुढची बाजू त्याने प्लास्टर आणि वाळूत पुरली. उकळत्या पाण्याने मेण धुऊन काढलं. प्रत्येक दाताच्या पाठीला धातूचा चिमुकला पत्रा लावला, दातातून आलेल्या तारा त्यावर वळवल्या. मग सोनारासारखी फुंकणी तोंडात धरून ज्योत फिरवत राहिला. डाख वितळला, पत्रे टाळूवर बसणाऱ्या धातूच्या प्लेटला चिकटले. तो गरम गोळा त्याने शेगडीजवळ ठेवला. हेटी तो बाजूला सारायला गेली तेव्हा मात्र तो ओरडला. घाईने गार केलं की चिनीमातीचे दात तडकतात.

रविवारी जेवणं झाल्यावर त्याने प्लास्टर फोडलं. एकही दात तडकला नव्हता. उन्हं उतरेपर्यंत तो प्लेट घासत बसला. मग ती पुसून टेबलावर ठेवली.

विनीने पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. "माझीच ना ही? हा दात माझाच आहे."

हेटी उसळली. "अक्कल गहाण टाकलीस का, इनॉक? हिचे दात अजून तोंडात आहेत! ते काढायचे, हिरड्या भरून यायच्या, काही महिने जाऊ द्यायचे, मग माप घ्यायचं. एवढं मला कळतं आणि तुला कळत नाही? आणि ज्या दातापायी हा सगळा खटाटोप, तोच परत घडवून ठेवलास! केलीस तरी कुणाच्या मापाने?"

"तुझ्या."

इनॉकने प्लेट हेटीपुढे सरकवली.

"तुझी कवळी सैल झालीय म्हणून माप घेतलं होतं ना? त्याच मापाची आहे. घालून बघ."

"मला मेलीला काय करायचाय वाकडा दात," ती म्हणाली खरी, पण आवाजात जोर नव्हता. पाठ फिरवून तिने वरची कवळी काढली. सरळ, पांढरीशुभ्र, गल्लीत नावाजलेली. नवी घातली आणि खिडकीजवळच्या आरशापुढे गेली. ओठ वर ओढून ती तो दात निरखू लागली.

विनी तिच्या मागे येऊन उभी राहिली. आरशात दोघींचा दात एकच होता.

"आई, हा आजीचा नाहीच."

"नाही," हेटी म्हणाली. "माझा."

इनॉक टेबलावरचा प्लास्टरचा चुरा गोळा करत होता. "मी मागणी घातली ती या तिरक्या दाताच्या पोरीला," तो म्हणाला. "लग्नाला उभी राहिली ती दुसरीच."

"आणि त्या दुसरीचे दात कुणी केले होते रे, मेल्या?"

"मीच. गावभर वाहवा झाली. तेव्हा बोलायला हवं होतं. जीभच रेटली नाही."

हेटीच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या वर्षांनी तिला ती स्वतः दिसली होती, आणि दिसली ती तिला आवडली होती. तिने नाक ओढलं आणि वळली.

"विनी, उद्या तू आपली गिरणीत जा. क्रॉम्प्टनकडे मी जाते."

"त्यांना काय सांगशील?"

"सांगायचं काय त्यात? हसून दाखवते."