करवलीचा मान

मुखेडहून आलेली जीप दारात थांबली, तेव्हा अंबिका नवरीच्या मागे करा धरून उभी होती. करवलीचा मान थोरल्या बहिणीचा. चाइल्ड हेल्पलाइनला चोरून फोनही तिनेच केला होता.

नवरी म्हणजे धाकटी महानंदा, नववीतली पोर. खरं तर उदगीरचा मृत्युंजय आला होता अंबिकाला बघायला. पाणी घेऊन महानंदा बाहेर आली आणि बघणं तिथंच संपलं. "थोरली न्हाई, ही पायजे," त्याची आई रत्नम्मा तोंडावर म्हणाली. हुंडा नको म्हटल्यावर बापाने, शिवलिंगने, लगेच मान डोलावली. अंबिकाला नकाराचं काही वाटलं नाही. फोन केला तो धाकटीसाठी.

"पोलीस आले!" कुणीतरी ओरडलं. मामा बसवराज भलते हुशार. डोळ्याचं पातं लवायच्या आत त्यांनी महानंदाच्या मुंडावळ्या सोडून अंबिकाच्या कपाळाला बांधल्या आणि करा धाकटीच्या हातात कोंबला.

पोलिसांबरोबर बालविकास खात्याच्या एक मॅडम मांडवात शिरल्या. शिवलिंगने अंबिकाचं आधार कार्ड पुढं केलं. बावीस वर्षं.

"तूच नवरी का गं?" मॅडमनी विचारलं.

नाही म्हटलं तर लग्न आज मोडेल आणि पुढच्या आठवड्यात कर्नाटकात कुठंतरी गुपचूप लागेल. हो म्हटलं तर हा माणूस जन्माचा आपल्या गळ्यात. पण धाकटी सुटेल.

"हाव, मीच."

मॅडमना शंका होतीच. अक्षता पडेपर्यंत त्या खुर्चीवरून हलल्या नाहीत. आता माघार कुणालाच नव्हती. मृत्युंजयने तोंड वाकडं करत मंगळसूत्र बांधलं. करा धरून महानंदा मुसमुसत होती. अंबिकाला मात्र रडू आलं नाही. बहीण वाचली, एवढ्यानेच तिचा ऊर भरून आला.

जीप गेली. रत्नम्मा लेकाशी काहीतरी कुजबुजली आणि शिवलिंगसमोर येऊन उभी राहिली.

"झालं ते झालं, इवाई. पण नवरीसंगं पाठराखीण पायजेच की. धाकटीला लावून द्या."

"न्हाई! ती न्हाई येणार!" अंबिका किंचाळली. नव्या नवरीचं कोण ऐकतं?

"कवा आणून सोडता?" शिवलिंगने खाली बघत विचारलं.

"बघू की."

मामांनी महानंदाला गाडीत बसवलं. मागून नवरीची पेटी चढवली. आतले सगळे ब्लाउज महानंदाच्या मापाचे होते.