चौकशीचं पत्र

अच्युतराव तीन आठवडे त्या महागड्या लॅपटॉपबद्दलच्या तक्रारी वाचत होते. "लवकर तापतो म्हणे. शिवाय घरघरतो. घ्यावा का गं?"

बायकोने कपाटातून जुनं अंतर्देशीय पत्र काढून वाचलं, "लवकर तापतो. झोपेत घरघरतो. हाकेला ओ देत नाही."

"हे कुणाबद्दल?"

"तुमच्याबद्दल. लग्नाआधी मामांनी तुमच्या वसतिगृहात चौकशी करून बाबांना कळवलं होतं."

अच्युतरावांनी पत्र हिसकावलं. मामांच्या अक्षराखाली निळ्या शाईत तिने लिहिलं होतं, 'तरी चालेल.'

त्यांनी चष्मा पुसला आणि ऑर्डरचं बटण दाबलं. "पसंत नाही पडला तर दहा दिवसांत परत करता येतो."

"बाबाही मला तेच म्हणाले होते," पत्राची घडी घालत ती म्हणाली, "पण कामाच्या रगाड्यात राहूनच गेलं."