बाल्कनीतले कपडे

"शेवंताबाई, पहिल्या मजल्यावरचे कपडे काढा! तो फ्लॅट विकला गेलाय. मालक आज राहायला येतायत!" सुट्टीवरून परतलेले सेल्सचे मोघेसाहेब खालून ओरडले.

झाडलोट करणाऱ्या शेवंताकडे गेली चार वर्षं हे जास्तीचं काम होतं. ओस पडलेली बिल्डिंग गिऱ्हाइकांना भरलेली वाटावी, म्हणून ती घरचे वाळलेले कपडे आणून रिकाम्या बाल्कन्यांमधल्या दोऱ्यांवर टाकायची आणि संध्याकाळी घड्या घालून आपल्या भाड्याच्या खोलीवर परत न्यायची. ओले कपडे चालायचे नाहीत. नव्या फरशीवर थेंब पडला तरी साहेब खेकसायचे. एवढं करूनही कुणी फसलं नाही. शेवटी बिल्डरला भाव निम्म्यावर आणावा लागला.

शेवंता कठड्यावरून वाकली. "मालक आलेत की, साहेब! भाव उतरला तसा आम्हीच घेतला. खोलीच्या भाड्यातच हप्ता बसतोय."

मोघेसाहेबांनी मान वर करून दोरीकडे बोट दाखवलं. "मग आता हे कपडे कशाला?"

"आज इथंच धुतलेत," म्हणत तिनं नवऱ्याचा पायजमा दोन्ही हातांनी असा झटकला, की खाली साहेबांचा चष्मा भिजला.