निम्मी टाकी

वेंडेलने आणलेली नवी टाकी पाहिली आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. मेपलची झाडं तेवढीच, आणि रस साठवायची टाकी जुनीच्या निम्मी!

"झाडं यंदा संपावर जाणार आहेत का?" मी विचारलं.

"पुरेल गं," म्हणून नवरा बूट पुसत बसला. बूट पुसणारा वेंडेल मी जन्मात पाहिला नव्हता.

टाकी निम्मी, म्हणजे उतारावरची झाडं विकायचं चाललंय. शेजारच्या हॉलिसचा डोळा होताच त्यांच्यावर. वेंडेल रस काढायला झाडांना भोकं पाडायला निघाला, तशी मीही मागोमाग गेले. उतारावरच्या एकाही झाडाला त्याने ड्रिल लावलं नाही.

"हॉलिसला विकलीस ना?" मी ओरडलेच. "बायकोला कळू न देता!"

त्याने ड्रिल खाली ठेवलं. "झाडं कुठे जात नाहीत. यंदा उतारावरच्यांचा रस काढायचा नाही, एवढंच. साठवलेला रस नासतो, म्हणून मोठी टाकी भरली की तू रात्रभर त्याचा पाक उकळत बसतेस. ही अंधार पडायच्या आत रिकामी होईल."

"मग? रात्री उकळायला मी घाबरते की काय?"

"गेल्या वर्षी दोनदा पाक करपला, इर्मा. दोन्ही वेळा तू म्हणालीस, सरपण जास्त झालं." त्याचा आवाज खाली आला. "पाक झाला की नाही ते सांगणारी पळीवरची धार तुला दिवसाउजेडी अजून दिसते."

मी ड्रिल उचलून त्याच्या हातात दिलं. डोळ्यांचं मी त्याला कधी सांगितलंच नव्हतं.