पिवळं रबर

"ते मागू नका, वहिनी. दुसरं काहीही न्या."

एवढं बोलून पिवळ्याने उघडा पंजा समोर धरला. पाण्याखालची खूण: थांब.

दुरुस्तीच्या दुकानात, उंच स्टुलावर बसून तो एका पाणबुड्याची श्वासाची नळी सोडवत होता. पक्कड हाताशी असूनही नळीवरची प्लॅस्टिकची पट्टी त्याने दातांनीच तोडली.

"भावजी! ह्या वयात?" डॉक्टरीणबाई कळवळल्या. उभा जन्म लोकांच्या तोंडात बघण्यात गेलेला. कुणी दातांनी काही तोडलं की ह्यांच्या हिरड्या दुखायच्या.

"बत्तीसच्या बत्तीस शाबूत आहेत. तुमच्या खुर्चीत बसायची पाळी आली नाही कधी."

"तुमच्या मित्रावर आली होती."

दोघंही हसले.

मास्तर पहिल्यांदा दवाखान्यात आले ते गाल सुजवून. वरचा, डावीकडचा, सुळ्याच्या मागचा दात. बाई नवख्या, चिमटा दोनदा निसटला. रोग्यानेच डॉक्टरला धीर दिला. "सावकाश. आधी श्वास घ्या." दात निघाला आणि लग्न ठरलं. तिथे नवा दात बसवून घ्या म्हणून त्या आयुष्यभर मागे लागल्या. मास्तर ढिम्म. "राहू दे की फट. त्यातूनच तर तू आत शिरलीस!"

मास्तर जाऊन वर्ष झालं होतं. उद्या पाणबुड्यांच्या शाळेतल्या नव्या तलावाला त्यांचं नाव लागणार होतं. दारात काचेचं कपाट, त्यात मास्तरांचं काळं रबर. श्वास घेताना दातांत धरायचं ते. बाईंना त्याच्या शेजारी पिवळ्याचं पिवळं रबर हवं होतं.

"शोभेला?" पिवळ्याने विचारलं.

"पोरांना कळायला. घाबरणं म्हणजे काय आणि सावरणं म्हणजे काय."

"त्याला काळं पुरेल."

पिवळ्याचा तळहात खाली, बोटं डगमगती. खूण: काहीतरी गडबड आहे.

ही गोष्ट शाळेत प्रत्येक नव्या तुकडीला मास्तर स्वतः सांगत. दोन दोस्त. दोघंही मुरलेले, पाण्यात निम्मं आयुष्य काढलेले. बुडालेल्या जहाजाच्या पोटात गाळ उसळला, काही दिसेना. एकाच्या चष्म्यात पाणी शिरलं. टाकीत हवा भरपूर होती. डोक्याला ते माहीत होतं, पण छातीला पटेना. "अशा वेळी माणूस दातांतलं स्वतःचं रबर थुंकून टाकतो," मास्तर सांगत, "आणि दुसऱ्याच्या तोंडातलं ओढतो. कारण त्याला दिसतं, की तो दुसरा जिवंत आहे." वर्गातल्या पोरांचे श्वास अडकायचे.

मास्तर नाव कधीच घेत नसत. 'दोघांतला एक जण,' एवढंच. बाईंना त्याचं फार कौतुक.

नाव घ्यायची गरजही नव्हती. होडीवर चढल्या चढल्या, कुणी विचारायच्या आत पिवळ्याच बोलला होता. "मी घाबरलो. ह्याने वाचवलं." शाळेने त्याला शिकवण्यावरून काढलं. जोडीला कुणी येईना. बंदरावरच्या टवाळांनी रबराच्या रंगावरून नाव पाडलं, तेच पुढे दुकानाच्या पाटीवर चढलं.

तरी मास्तर दर रविवारी ह्या दुकानात येऊन बसत. बोलणं फारसं नाही. नळ्या पुसायच्या, चहा प्यायचा, घरी यायचं. बाई चिडायच्या. "त्याच्या पायी जीव जात होता तुमचा, आणि तुम्ही त्याच्याच नळ्या पुसता?" मास्तर नुसते हसायचे. ती फट दिसायची.

"एकदा बघू तरी द्या," बाई आता म्हणाल्या.

खिळ्यावर ते लटकत होतं. एवढ्या वर्षांत रंग विटून लोण्यासारखा झाला होता.

"काय बघायचंय त्यात? त्याच दिवशी कोरं करकरीत बसवलं होतं. उतरलो, आलो, टांगलं. परत पाण्यात गेलंच नाही."

"म्हणजे जेमतेम एकदा दातांत धरलेलं. मग जपता कशाला एवढं?"

पिवळ्या उत्तर देणार, तेवढ्यात बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. टाक्या आल्या होत्या.

"आलोच. हात लावू नका हं, वहिनी."

अंगठा वर. खूण: मी वर चाललो.

बाई उठल्या. रबर खिळ्यावरून काढलं, फुंकर मारून धूळ उडवली. एवढंसं तर आहे, पर्समध्ये टाकलं तर ह्याला संध्याकाळपर्यंत कळायचं नाही. पण हातात दातांची वस्तू आली की ती उजेडात धरायची, ही सवय. त्यांनी पर्समधून छोटा टॉर्च काढला.

रबरावर दात नुसते टेकले नव्हते. कुणीतरी ते जिवाच्या आकांताने चावलं होतं. दोन्ही बाजूंना खोल, स्पष्ट खड्डे, एकापुढे एक.

बाहेर टाक्या उतरवताना पिवळ्या टेम्पोवाल्याशी हसत हुज्जत घालत होता.

बाईंनी टॉर्च जवळ नेला. उजवीकडे सगळे दात होते. डावीकडे, वरच्या अंगाला, सुळ्याच्या मागे, एका दाताची जागा कोरी होती.