दुपारची गोळी

लांबलचक रजेनंतर तो कचेरीत परतला. त्याच्याशी अगदी सहज वागायचं, असं सगळ्यांनी आधीच ठरवलं होतं. त्यामुळे जेवणाच्या टेबलावर शोकसभेची कळा आली होती. नैराश्यावरची दुपारची गोळी त्याने मुठीत दडवली होती. बाथरूममध्ये जाऊन गुपचूप गिळायची, असा बेत. कुणी पाहिली, तर उद्यापासून याच कचेरीत तोंड कसं दाखवायचं?

तो उठला, तोच त्याच्या मुठीकडे पाहत हेडक्लार्क गरजले, "बसा खाली! गोळी इथेच घ्यायची. मी घेतो ना!"

ज्यांच्या आवाजाने अख्खी कचेरी चळाचळा कापायची, त्यांनी खिशातून गोळ्यांची पट्टी काढली.

"साहेब, तुम्हाला कसली?" त्याने विचारलं.

"भीतीची. रोज जिना चढताना पाय लटपटतात हो. म्हणून तर ओरडत येतो."

त्यांनी पाण्याची भरलेली बाटली तोंडाला लावली. हिशेबनीस बाईंनी पर्स उघडली. "पाणी इकडे द्या. माझीही राहिलीय, उदासीची." मग टायपिस्टने हात पुढे केला. मग आणखी कुणी.

तो पुन्हा खाली बसला. हातोहात फिरत बाटली त्याच्यापर्यंत पोचली, तेव्हा तिच्यात जेमतेम एक घोट उरला होता.