तारप्याला पाठ

जव्हारच्या बाजारात मालू जुन्या व्हिडिओ गेमचे बिघडलेले बोर्ड दुरुस्त करायची. त्या दुपारी तिनं एका बोर्डावरची आवाजाची चिप काढून टाकली, विजेची वायरही उपटली. तरी आतून वारली नाचात फुंकतात तो दुधीचा तारपा वाजतच होता.

"तोंड तिकडंच ठेव गं," दारात बसलेले सावळाकाका म्हणाले. "नाचताना तारप्याला पाठ दाखवत नाहीत."

"मी नाचत नाहीय, काका. काम करतेय. माझ्याच दुकानात मला कोण नाचवतंय ते बघतेच!"

सोल्डरिंग गन खाली ठेवून तिनं मुद्दाम बोर्डाकडे पाठ फिरवली.

आता तारपा तिच्या समोर वाजत होता.

ती चिडून वळली. पुन्हा समोरच. पुन्हा वळली, पुन्हा वळली.

"नाचायला लागलीस, पोरी," काका हलकेच म्हणाले.

"नाही नाचत!" ती ओरडली आणि तिनं टेबल घट्ट धरलं.

पाय थांबले नाहीत.